केस लावून घेण्याआधी

३ फेब्रुवारी, मंगळवार. माजलगाव

हे केस कुणाचे?

आज कामाच्या पहिल्याच दिवशी, पहिल्याच मुलीनं मला हे विचारलं. माहीत नाही, शोधून सांगेन, असं मी सरळ सांगून टाकलं. विमलताई काउंटरमागून डोळे वटारत होत्या. पण ती मुलगी, चैताली, हसली. म्हणाली, खरं बोलणारी पार्लरवाली तिनं पहिल्यांदाच बघितली.

असो, नीट सुरुवातीपासून लिहिते. सकाळच्या एसटीनं युसूफ वडगावहून निघाले. आई आणि बाबा दोघंही सोडायला आले होते. बाबा गवंडीकाम करतात. त्यांनी आज खाडा केला आणि इस्त्रीचा शर्ट घातला, जणू प्रवासाला तेच निघालेत. आमच्या घरात पदवी घेतलेली मीच पहिली. बी.एस्सी. केमिस्ट्री. त्यानंतर केस जोडण्याचा कोर्स केला तेव्हा शेजारच्यांनी बाबांना विचारलं, एवढं शिकवून पोरगी न्हावीण होणार का. बाबांच्या आधी मी बोलले. आजारपणात केस गेलेली बाई डोक्यावरचा पदर पक्का धरून कोपऱ्यात बसते, हे मी पाहिलंय. तिला चारचौघांत ताठ उभं करणं मला हलकं काम वाटत नाही.

पार्लर बसस्टँडसमोर आहे, वर मला एक खोली दिलीय. शेजारी रसवंती. तिच्या चाकाला घुंगरं बांधलीत, ती दिवसभर वाजतात. जाड ऊस घातला की मंदावतात, पिळून झाला की पुन्हा उड्या मारतात. मला आवडली ती. पार्लरच्या मालकीण विमलताई तोंडानं फटकळ, पण दुपारी स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडून मला दिली. मदतीला सायली नावाची मुलगी आहे, अखंड बडबड करणारी.

चैतालीचं लग्न एक मार्चला, इथल्याच मंगल कार्यालयात. टायफॉइडनं तिचे केस पार विरळ झालेत. सासर वडवणीकडच्या एका गावात. आबासाहेब म्हणून मोठे बागायतदार, त्यांचा मुलगा अनिल. त्याचं हे दुसरं लग्न. पहिली बायको दिवाळीच्या सुमारास अपघातात गेली म्हणे. नवरीचे केस कमरेपर्यंत हवेत, असा नवऱ्याचाच आग्रह आहे.

मी ठरवलंय, केस लावून घेण्याआधी काय काय माहीत हवं याचं एक माहितीपत्रक करायचं. सोप्या मराठीत. त्यात पहिली ओळ चैतालीच्या प्रश्नाची असेल, आणि उत्तर मी शोधून काढणार आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज आसाराम आला. मोटारसायकलला चहूबाजूंनी भांडी लटकवून तो गावोगाव 'केसावर भांडे' ओरडत फिरतो. बायका विंचरताना निघालेलं गुंतवळ पिशवीत साठवून पत्र्याच्या फटीत खोचून ठेवतात, ते याला देतात आणि वाटी, चाळणी काहीतरी घेतात. आमच्या आईनंही दिलंय. पण ती आधी गुंतवळ बोटाला गुंडाळून त्यावर थुंकायची, कुणी काही करू नये म्हणून. मी तिला कितीदा हसले. फोनवर आजही तिनं तेच विचारलं, लोकांच्या केसाला हात लावतेस तर थुंकतेस का. आपण ज्या वाटेवरून बाहेर आलो तिकडे परत कशाला बघतेस, असं मी तिला म्हणाले. तिनं फोन ठेवला. थोडं वाईट वाटलं.

चैतालीसाठी काढून ठेवलेला जुडगा विमलताईंनी दाखवला. असे केस मी कोर्समध्येही पाहिले नव्हते. गुडघ्यापर्यंत लांब, दाट. गुंतवळातले केस उलटसुलट असतात, एकमेकांत अडकतात. हे सगळे एका दिशेचे. टोकाकडून मुळाकडे बोटं फिरवली की खरखर लागते, मुळाकडून टोकाकडे पाण्यासारखे. म्हणजे सगळे एकाच डोक्यावरचे, मानेशी एका घावात कापलेले.

दोनदा शॅम्पूनं धुतले. तरी वास येतोच. सोयाबीनच्या भुसकटाचा आणि वंगणाचा.

कुणाचे, विचारलं. आसारामनं आणले, म्हणाल्या. तो तोवर निघून गेला होता. मग मला म्हणाल्या, "अगं ए डिग्रीवाले, केस धुतले की नुसते केस असतेत. त्याला का नाव चिकटलेलं असतंय?"

१० फेब्रुवारी, मंगळवार

माहितीपत्रक अर्धं झालं. केस लावण्याच्या आदल्या दिवशी कानामागे गोंदाचा थेंब लावून बघावा. खाज आली तर लावू नये. जोड टाळूला चिकटून घेऊ नये, थोडी जागा सोडावी. ओले केस बांधून झोपू नये. विंचरताना एका हातानं मूळ धरावं आणि टोकाकडून वर यावं. थेट वरून ओढलं तर सगळा ताण मुळावर येतो आणि आपले केस मुळासकट निघतात. मशीन, पंखा, चाक यांच्याजवळ वेणी बांधून ठेवावी. हे शेवटचं मी आपल्या भागासाठी घातलं, कोर्समध्ये नव्हतं.

फोटो हवे होते. सायलीला त्या जुडग्यातल्या दोन पट्ट्या लावल्या. किती खूश झाली! आरशासमोरून हलेना. फक्त मागून कुणीतरी ओढतंय असं म्हणत होती. जोड घट्ट झाला असेल म्हणून सैल केला. तरी म्हणाली, ताई, ओढ मुळाशी न्हाई, टोकाशी हाय. कुणीतरी धरल्यागत.

काढून टाक म्हटलं. दोन दिवस मिरवू द्या म्हणाली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सायली—

नीट लिहायला हवं. मी पाहिलंय, तेव्हा मीच लिहायला हवं.

दुपारी आम्ही दोघी रस प्यायला गेलो. ती रसवंतीपासून चांगली हातभर लांब उभी होती, पाठ तिकडे, तोंड माझ्याकडे. वेणी बांधलेली होती. वारा नव्हता. ती मला कुणाच्या तरी लग्नातली गंमत सांगत होती आणि तिची वेणी मागे उचलली गेली. पडली नाही, उडली नाही. दोर ताणावा तशी सरळ, आडवी, रसवंतीकडे. वेणी सुटली आणि त्या दोन पट्ट्या ऊस पिळणाऱ्या लाटांच्या मध्ये गेल्या आणि त्यांच्यापाठी ती.

घुंगरं मंदावली.

मी तिचे पाय धरले होते. रसवाल्यानं बटण बंद केलं तोवर कपाळापासून मानेपर्यंतची कातडी निघाली होती. आवाज ऊस सोलल्यासारखा होता. ती ओरडली नाही. ग्लासातला रस तिच्या हातात तसाच होता.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सायली जिवंत आहे. मोठ्या दवाखान्यात नेलं. वेणी नीट बांधली नसेल, असं सगळे म्हणतात. मी सांगितलं की बांधली होती. मला पाणी प्यायला दिलं आणि बसवलं.

रसवंतीवाल्यानं लाटा उघडल्या तेव्हा सायलीचे स्वतःचे केस तुकडे तुकडे होऊन रक्तात आणि रसात चिकटले होते. माझ्या दोन पट्ट्या मात्र अखंड. एक केस तुटला नाही. आणि कोरड्या. रक्ताचा थेंब नाही, रसाचा चिकटपणा नाही.

विमलताईंनी त्या उचलून आणल्या आणि जुडग्यात परत बांधल्या. मी म्हटलं, हे चैतालीला लावायचे नाहीत. त्यांनी गाठ आणखी आवळली. रात्रभर दवाखान्यात त्याच बसल्या होत्या, डोळे सुजले होते. माणसाच्या चुकीचा राग केसावर काढू नको, म्हणाल्या.

मी विज्ञान शिकले आहे. मला कारण शोधायला हवं. स्थिर विद्युत, मशीनच्या पट्ट्याचा वारा, काहीतरी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज चैतालीची चाचणी होती. मी नको म्हणत असताना विमलताईंनी स्वतः त्याच केसांच्या क्लिपा लावल्या. तितक्यात अनिलराव आले. सोबत गाडीभर मित्र, ते बाहेर थांबले. मिठाई आणली होती. माणूस देखणा, कपाळावरचे केस मात्र मागे गेलेले, टोपी काढत नाही. माझ्याशीही अदबीनं बोलले.

चैतालीला उभं केलं. ते मागे आले, वेणी हातात घेतली आणि सवयीनं, घोड्याचा लगाम गुंडाळावा तशी, मुठीला दोन वेढे दिले. मनगटाला हलका झटका. चैतालीची मान मागे गेली. ती हसली, कारण सगळे हसले. छान आहे, असेच पाहिजेत, म्हणाले आणि गेले.

ते गेल्यावर ती खुर्चीत बसली आणि खुर्चीसकट मागे पडली. मग फरशीवरून घसटत खिडकीकडे जायला लागली. खिडकीबाहेर रसवंती आहे. तिचे हात फरशीवर काही धरायला शोधत होते, दोन नखं उलटली. मी अंगावर पडले आणि क्लिपा ओरबाडून काढल्या. काढल्या तेव्हा ती थांबली.

चक्कर आली असं विमलताईंनी तिच्या आईला कळवलं. माझ्याकडे पाठ करून, पण तेच कळवलं.

चैतालीच्या मानेवर चार बोटांचे निळे वळ आहेत, एका बाजूला अंगठा. अनिलनं मानेला हात लावला नव्हता. ती आरशात बघत होती. म्हणाली, "ताई, तुमी शोधनार होता ना, कुनाचे हायत?"

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आसाराम सापडला. आठवडी बाजारात भांडी मांडून बसला होता. मी केसांचं विचारताच खुशीत आला. तसा माल नशिबानं मिळतो म्हणाला. वडवणीकडच्या एका गावातून घेतला, आबासाहेबांच्या घरून.

मी खाली बसले. सविस्तर विचारलं. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिते.

"म्हातारीनं दिलता. शेपटा वल्लाच होता ताई, तेल तसंच, गजऱ्याचा दोरा बी तसाच. सुनंनं नवस केलता, म्हनून कापला म्हनली. एवढ्याला वाटी देऊन भागंल का, मोठी घागर घेतली. कडंला पोचा होता त्येच्यावरून घासाघीस केली तिनं. अन् दुसऱ्याच दिशी सून गेली की. तुळजा नाव तिचं. मळणी यंत्रात. शेपटा पट्ट्यात आडकला म्हनले."

एवढं बोलून तो सहज दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्यानं काय सांगितलं ते त्याला कळलं नव्हतं.

शेपटा आदल्या दिवशीच घागरीच्या बदल्यात गेला होता. मग दुसऱ्या दिवशी मळणी यंत्रात काय अडकलं?

तिच्या डोक्यावर अडकायला काही नव्हतंच.

त्यांनी तिचे केस कापले. मग तिला आत ढकललं. आणि पोरीचा जीव गेला तरी चालेल, पण एवढे केस वाया जाऊ नयेत म्हणून सासूनं घागर घेतली. त्या घागरीनं सगळं उघडं पडलं.

मी आसारामला समजावलं तेव्हा तो भांडी गोळा करायला लागला. मी हात जोडले. एका मुलीचा जीव आहे, म्हटलं. शेवटी, बोलावलं तर येईन, म्हणाला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ठाण्यात गेले. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, चहा दिला. अपघात म्हणून कागद बंद झालाय, केसांवर नाव लिहिलेलं नसतं, म्हणाले. साक्षीदार घेऊन या. उद्या आणते, म्हटलं.

नाव विचारलं म्हणून आसारामचं नाव मी दिलं. खरं तेच सांगायचं असतं ना?

२२ फेब्रुवारी, रविवार

आसाराम रस्त्याकडेला चारीत सापडला. दोन्ही हातांची बोटं दगडानं ठेचलीत. एक एक करून. त्याची भांडी शेतभर फेकलेली होती, त्यातली एक कढई त्याच्या तोंडावर इतक्या वेळा मारली की तिचाच आकार बदलला. जीव आहे. बोलता येत नाही. आता कधी येईल असं डॉक्टरांना वाटत नाही.

त्याचं नाव मी दिलं होतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

चैताली आली, एकटी. मी तिला तुळजाचं सगळं सांगितलं. तिनं मध्येच थांबवून सांगितलं की साखरपुड्याला सासरी पाणी ओतलं ते नव्या घागरीतून. सासूबाई कौतुकानं सांगत होत्या, फुकटात मिळाली. कडेला पोचा आहे, म्हणून तोंड भिंतीकडे करून ठेवतात. चैतालीनं स्वतः उचलून बघितला होता.

ती त्याच घागरीचं पाणी प्यायली होती. बेसिनकडे पळाली.

घरी सांगून बघ, म्हटलं. तिनं ओढणी बाजूला केली. सांगितलं होतं. गालावर वडिलांचा हात उमटलेला. पत्रिका वाटून झाल्यात, तिच्यापाठी दोन बहिणी आहेत. माझ्या आईकडे पळून चल म्हटलं. ती म्हणाली, अनिल आधी माझ्या बहिणीला उचलील. तसं त्यानं सांगून ठेवलंय. हसत हसत.

केस जाळून टाकायचे मी ठरवलं होतं. काडी पेटवलीसुद्धा. मग विझवली. केस जाळले तर चैताली केसांपासून वाचेल. त्या घरापासून नाही.

जाताना तिनं पायरीवर बसून विचारलं की यंत्रात जाताना किती वेळ कळत असेल.  हे मला माहीत होतं. सायलीच्या डोळ्यांत पाहिलं होतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

विमलताईंनी दार लावून मला हळूच सांगितलं. अनिलरावांना लग्नासाठी डोक्यावर पॅच हवा आहे. कपाळ झाकलं पाहिजे, फोटोत दिसतं. कुणाला कळता कामा नये. जाळीवर एक एक केस गाठी मारून बसवायचं काम इथं फक्त मला येतं.

करते, म्हटलं.

त्यांना वाटलं, मी शहाणी झाले.

२७ फेब्रुवारी

गाठी मारतेय. त्या जुडग्यातले लांब केस दुमडून, कापून. पहिल्यांदा कात्री लावली तेव्हा भीती वाटली. काही झालं नाही. उलट केस सुईत आपोआप येतात. मी शोधायच्या आधी. पुढचा केस सुईच्या नेढ्यापाशी थांबलेला असतो.

वास वाढलाय. भुसकट, वंगण. आणि खाली गजऱ्याचा. अबोली असावी.

चैतालीला नायलॉनचं गंगावन आणून दिलं. आईच्या वेळी बायका लावायच्या तसलं. विमलताईंनी तोंड वाकडं केलं. त्या कालपासून माझ्याकडे सरळ बघत नाहीत. आज दुपारी न सांगता माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाल्या, "गोंद पक्का वापर. घामानं सुटता कामा नये."

एवढंच. त्यांना कळलंय.

उरलेले बारीक तुकडे बोटाला गुंडाळले. थुंकले. आईसारखं. तीनदा.

२८ फेब्रुवारी

झालं. शेवटची गाठ.

पॅच टेबलावर होता. वर जाऊन आले. टेबलावर नव्हता. खिडकीच्या गजाला लागून होता. रसवंतीच्या बाजूला.

रसवंती कालपासून पुन्हा सुरू झालीय. लग्नसराई आहे. लाटा धुतल्या म्हणे.

मी माणूस मारतेय का? स्वतःला सरळ विचारलं. हो.

दवाखान्यात बघायला गेले तेव्हा आसारामनं हात वर करून दाखवले होते. पट्ट्या बांधलेले. बोलता येत नाही ना.

हो.

१ मार्च, रविवार

सकाळी. पार्लरचं शटर अर्धं ओढून.

अनिल एकटाच आत आला. टोपी काढली. मी कपाळ स्पिरिटनं पुसलं. तेल राहिलं तर गोंद धरत नाही. कानामागे आदल्या दिवशी थेंब लावून बघायचा असतो, तो मी लावला नाही. आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला.

पुढून गोंद, बाजूंनी गोंद, दाबून धरला. तो आरशात बघत होता. आवडलं. केसांतून हात फिरवला, एकदा, दोनदा. कशाचा वास येतोय, विचारलं. गोंदाचा, म्हटलं.

मग त्यानं न वळता हात मागे आणून माझी वेणी पकडली. मुठीला दोन वेढे. मला खाली ओढलं, माझा गाल त्याच्या कानाला लागेपर्यंत. आवाज अगदी हळू.

"लई शिकलेली हायस म्हनं. ठान्यात गेलतीस. बाईचे केस लांब आसावेत बघ. धराया बरं पडतंय."

माझ्या हातात गोंदाचा ब्रश होता. मी तो हलू दिला नाही. बाजूची एक कड राहिली होती. ती चिकटवली. बोटानं दाबली. तो सोडेपर्यंत दाबून धरली.

गेला.

नंतर—

माझ्या वेणीत काहीतरी. त्यानं खाली ओढलं तेव्हा डोक्याला डोकं लागलं होतं. आखूड काळे केस माझ्या वेणीत गुंतलेत. माझे नाहीत. खरखर बघितली, उलटी. सोडवले. सोडवले की पुन्हा आत जातात. वर चढतायत. मानेकडे.

कात्री घेतली. मानेशी कापली. आईनं वाढवलेली वेणी. एका घावात. टेबलावर ठेवलीय. मान हलकी, थंड.

शटर पूर्ण खाली ओढलं.

दुपार

बँड ऐकू येतोय. नवरदेव मारुतीला निघाला. याच रस्त्यानं. विमलताई कार्यालयात आहेत, चैतालीजवळ. तिला सोडू नका म्हटलंय. काही झालं तरी बाहेर आणू नका. काही ऐकू आलं तरी.

घुंगरं वाजतायत.

घोडा असेल. आधी घोड्याचा आवाज बदलला. फुरफुरला. मग टापा, मागे मागे. कुणीतरी म्हणालं, धर धर. कुणीतरी हसलं.

बँड अजून चालू आहे.

टेबलावरची वेणी—

वारा नाही. शटर बंद आहे. वेणीचं टोक उचललं गेलंय. सरळ. शटरकडे. मी हात ठेवलाय. ओढ आहे. हाताखाली ओढ आहे.

घुंगरं मंदावली.

जाड ऊस घातल्यावर मंदावतात तशी. त्याहून. थांबत थांबत. बँडमधलं एक एक वाद्य गळतंय. आता नुसता ताशा. आता तोही नाही. त्याचा आवाज. तो माणसाचा आवाज आहे हे मला माहीत आहे म्हणून कळतंय, एरवी—

आई म्हणत कुणीतरी ओरडतंय. बंद करा, बंद करा. बंद होत नाहीये.

माझ्या हाताखाली वेणी सैल पडली.

चैताली, तू पहिल्याच दिवशी विचारलं होतंस. माहितीपत्रकाची पहिली ओळ कोरी सोडली होती. आता लिहिते. केस लावून घेण्याआधी ते कुणाचे हे माहीत हवं. तुळजाचे आहेत. सगळे. आणि मी ते आज सकाळी, माझ्या हातानं, पक्का गोंद लावून त्याच्या—